राज्यारोहणाची पदके : एक ओळख

नवा राजा सिंहासनावर बसला की त्याच्या नावाने खास पदके पाडण्याची प्रथा अनेक देशांत होती. स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींत ती अठराव्या शतकात विशेष रुजली. नगराच्या मुख्य चौकात राजध्वज उभारून नव्या राजाच्या नावाची द्वाही फिरवली जाई, महामंदिरात उपकारस्तुतीचा विधी होई आणि जमलेल्या लोकांवर चांदीची पदके उधळली जात. पदकाच्या एका बाजूस राजाची मुद्रा व दुसऱ्या बाजूस बहुधा नगराचे चिन्ह असे. अनेक पदके चलनी नाण्यांच्या वजनाची असल्याने ती व्यवहारातही चालत.

आपल्या वाचकांना हा विषय दूरचा वाटेल. तथापि, १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्याच राजांकडे होते व त्यामुळे गोवा, वसई आणि चौल येथेही त्यांचाच अंमल होता, हे आम्ही येथे नमूद करू इच्छितो.

ही पदके निष्ठेची ग्वाही देत. परंतु निष्ठा किती टिकेल, हे ती सांगू शकत नसत. १८०८ साली सातवा फर्डिनांड राजा झाला आणि काही आठवड्यांतच नेपोलियनने त्याला पदत्याग करावयास लावून फ्रान्समध्ये अडकवून ठेवले. तरीही मेक्सिकोत त्याच्या नावाची पदके पाडली गेली. पुढे १८२१ मध्ये तोच मेक्सिको स्वतंत्र झाला.

महाराष्ट्रात याच्या जवळचे उदाहरण रायगडाचे आहे. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या सोन्याच्या होनावर व तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे आहेत. ही पदके नव्हेत, चलनी नाणी होत. पण नव्या सार्वभौम सत्तेची घोषणा त्यांनीही घरोघर पोहोचवली.

इंग्रजी अमदानीत १८७७, १९०३ आणि १९११ च्या दिल्ली दरबारांच्या निमित्ताने पदके देण्यात आली. ती उधळली जात नसत. संस्थानिक, अधिकारी व निवडक सैनिक यांना दिली जात. सोन्याचे कोणास व चांदीचे कोणास, हे मानपानाप्रमाणे ठरे. १९११ च्या पदकावर पंचम जॉर्ज व राणी मेरी यांच्या मुद्रा असून मागील बाजूस फारसी मजकूर आहे. १८७७ च्या दरबारास पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका, खादीचा पोशाख करून उपस्थित होते. सन्मानाची पदके वाटली जात असताना प्रजेची मागणी मांडणारेही तेथे होते, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

पिरंगुट व मुळशी परिसरातील एखाद्या घरात, विशेषतः लष्करात सेवा केलेल्या पूर्वजांच्या पेटीत, असे पदक आढळल्यास ते सोनाराकडे वितळण्यास देऊ नये. चिंच वा पावडर लावून घासू नये; त्याने अक्षरे झिजतात. ते कोरड्या सुती कापडात ठेवावे व ते कोणाचे होते हे कागदावर लिहून ठेवावे. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. जमिनीत पुरलेले धन सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

चांदीची किंमत बाजार ठरवील. परंतु पूर्वजाचे नाव पुसले गेले की ते परत मिळत नाही. म्हणून घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून ही नोंद करावी, अशी आमची सर्व वाचकांस नम्र विनंती आहे.