बाहुलीचें ऋण

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगावयाचा म्हटला, म्हणजे आपण बहुधा ५ नोव्हेंबर १८४३ या दिवसापासून आरंभ करतों. त्या दिवशीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग केला. हा आरंभ यथार्थच आहे. परंतु तो सांगतांना एक गोष्ट बहुधा वगळली जाते. ज्या भाव्यांनीं नटांस रंगभूमीवर उभें केलें, त्यांनींच हातपाय हलविणाऱ्या लांकडी बाहुल्याही घडविल्या होत्या. नाटककार भाव्यांचें स्मरण आपण दर वर्षीं करतों. बाहुलीकार भाव्यांचें नांव मात्र क्वचितच कोणी घेतो.

वस्तुतः या दोन कलांचें नातें आपल्या भाषेनेंच जपून ठेविलें आहे. नाटकाच्या चालकास आपण ‘सूत्रधार’ म्हणतों. सूत्र म्हणजे दोरा. आणि जो दोरे धरतो, तो बाहुल्या नाचविणाराच नव्हे काय? या शब्दावरून संस्कृत नाटकाच्या आधीं बाहुल्यांचा खेळ असला पाहिजे, असें अनुमान एकोणिसाव्या शतकांत शंकर पांडुरंग पंडित यांनीं केलें, व पुढें पिशेल या जर्मन पंडितानें तें विस्तारानें मांडिलें. सर्व विद्वानांस तें मान्य झालें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. तथापि ज्ञानेश्वरींत कळसूत्री बाहुलीचा दृष्टांत येतो, याचा अर्थ विचारांत घेण्याजोगा आहे. दृष्टांत हा श्रोत्यास परिचित अशा गोष्टीचाच द्यावयाचा असतो. तेव्हां तेराव्या शतकांतील मराठी श्रोत्यानें दोऱ्यावर नाचणारी बाहुली पाहिलेली होती, असें मानण्यास हरकत नाहीं.

ही परंपरा आज कोठें पाहावयाची असेल, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळील पिंगुळी या गांवीं जावें लागतें. तेथील ठाकर समाजानें तीन कला सांभाळल्या आहेत: कळसूत्री बाहुल्या, पडद्यामागें दिवा ठेवून दाखवावयाच्या चामड्याच्या बाहुल्या, आणि चित्रकथी. चित्रकथींत रंगविलेल्या चित्रांचा संच एकामागून एक उलगडीत रामायण-महाभारतांतील आख्यानें वाद्यांच्या साथीवर सांगतात. अशा संचास ‘पोथी’ असें नांव आहे. पूर्वीं या कलांस सावंतवाडी संस्थानाचा व देवळांतील उत्सवांचा आधार होता. तो आधार ओसरला, तेव्हां कांहीं थोड्या घरांनींच त्या जिवंत ठेविल्या. परशुराम विश्राम गंगावणे यांनीं आपल्या घरच्या गोठ्याचेंच संग्रहालय केलें. २०२१ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

बाहुलीचा दुसरा प्रवाह शहरांत वाढला. राजशेखर हा कवि मूळचा महाराष्ट्रीय घराण्यांतला, इ. स. ९०० च्या सुमाराचा. त्याच्या ‘बालरामायण’ नाटकांत रावणास फसविण्याकरितां सीतेची बाहुली आणली आहे, आणि तिच्या मुखांत बोलका पक्षी बसविला आहे. बाहुलीस वाचा देण्याची ही हौस सुमारें एक हजार वर्षांनीं मुंबईंत निराळ्या रीतीनें पुरी झाली. यशवंत केशव पाध्ये यांनीं १९१६-१७ च्या सुमारास ‘अर्धवटराव’ हा बोलका बाहुला लोकांपुढें आणिला. पक्ष्याच्या जागीं आतां स्वतः कलावंताचा गळा आला. ओठ न हलवितां बोलण्याच्या या विद्येस आपण ‘शब्दभ्रम’ हें सुंदर नांव दिलें. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनीं १९६७ पासून तो वारसा चालविला. आणि भाव्यांच्या जुन्या बाहुल्या दुरुस्त करून त्यांचा खेळ पुन्हा रसिकांस दाखविण्याचें श्रेयही त्यांचेंच. एकाच कलावंताच्या हातीं सांगलीचा दोरा व मुंबईचा गळा असे एकत्र यावे, हा योग लहान नव्हे.

याच हातांनीं महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटाकरितां ‘तात्या विंचू’ घडविला. कथेचें बीज ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन चित्रपटांतलें. परंतु दिलीप प्रभावळकरांच्या आवाजानें तो बाहुला अस्सल मराठी झाला. २०१३ सालीं त्याची दुसरी कथाही पडद्यावर आली. भाईंदरहून उत्तनच्या वाटेवर राई, मुर्धा, मोर्वा हीं गांवें लागतात. मी राईस राहतों. येथील मुलांस तात्या विंचू घरच्या माणसासारखा ठाऊक आहे. पिंगुळीचें नांव मात्र मीं त्यांच्या तोंडून कधीं ऐकलें नाहीं. राई काय आणि पिंगुळी काय, दोन्हीं एकाच कोंकणपट्टींतलीं गांवें!

यांत मुलांचा दोष कांहींच नाहीं. बाहुली म्हणजे पोरखेळ, असा समज आम्हीं सुशिक्षितांनींच रूढ केला. ज्या गोष्टीस आपण ‘कला’ म्हणतों ती नाट्यगृहांत ठेविली, आणि जिला ‘करमणूक’ म्हणतों ती जत्रेकडे लोटली. पण जत्रेंतल्या त्या बाहुलीनेंच देवळाच्या अंगणांत जमलेल्या प्रौढ श्रोत्यांस रामरावणांचें युद्ध रात्ररात्र दाखविलें आहे. संग्रहालयें अवश्य असावींत. तथापि बाहुली कांचेच्या कपाटांत जगत नाहीं. तिला दोरा धरणारा हात लागतो, आणि त्या हाताला समोर बसलेला प्रेक्षक लागतो. तो हात शिकण्यास वर्षें जातात; प्रेक्षक नसेल, तर घरांतील पुढची पिढी तीं वर्षें कां खर्च करील?

यास्तव एक साधी सूचना करावीशी वाटते. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशीं नाट्यसंस्थांनीं व शाळांनीं नाटकाच्या आधीं अर्धा तास कळसूत्री बाहुल्यांस द्यावा, पिंगुळीच्या कलावंतांस मानानें बोलवावें, आणि त्यांस योग्य बिदागी द्यावी. वडील मंडळींनींही मुलांस नुसतें पोहोंचवून परत न जातां त्यांच्या शेजारीं बसावें.