पहिल्या स्थानाचा इतिहास

ज्ञानाचे भांडार कितीही समृद्ध असले, तरी हवी ती गोष्ट हव्या त्या वेळी सापडली नाही, तर त्याचा उपयोग शून्य होय. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडताना वाचकाचा वेळ वाचविण्यालाही एका सूत्राचे स्थान दिले, ते याच जाणिवेने. ग्रंथपालाचे हे काम आज बव्हंशी शोधयंत्रांनी आपल्या शिरावर घेतले आहे. या यंत्रांचा इतिहास जेमतेम साडेतीन दशकांचा. परंतु हा सेवक नेमकी कोणाची चाकरी करतो, हा प्रश्न त्यात पुनःपुन्हा उपस्थित झालेला दिसतो.

१९९० साली माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात अ‍ॅलन एम्टेज यांनी ‘आर्ची’ सिद्ध केले. ते केवळ फायलींची नावे शोधी; त्यांच्या अंतरंगात त्याचा प्रवेश नव्हता. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड येथील जेरी यांग व डेव्हिड फिलो यांनी आरंभलेली ‘याहू’ ही माणसांनी विषयवार लावलेली सूची होती. निवड चोखंदळ, परंतु पृष्ठांच्या महापुरापुढे माणसांचे हात अपुरे पडले. १९९५ च्या डिसेंबरात ‘अल्टाव्हिस्टा’ आले. ते पृष्ठांतील शब्द न् शब्द धुंडाळी. मात्र असंख्य उत्तरांतून उपयोगाचे कोणते, हे ठरविण्याचा भार पुष्कळदा वाचकावरच पडे.

१९९८ साली स्थापन झालेल्या ‘गूगल’चे संस्थापक लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी येथेच निराळी वाट धरली. ज्या पृष्ठाकडे इतर मान्यवर पृष्ठे बोट दाखवितात, त्याचे महत्त्व अधिक, असे त्यांचे गणित होते. विद्वानांच्या लेखांत ज्या ग्रंथाचा वारंवार उल्लेख होतो, तो ग्रंथ मोठा मानावा, तसेच हे. सामान्य माणसाला पहिल्या चार ओळींतच उत्तर मिळू लागले, आणि तो जुन्या यंत्रांकडे फिरकेनासा झाला. अल्टाव्हिस्टा २०१३ साली बंद पडले.

परंतु पहिल्या स्थानाला मोल आले की त्याचा बाजार भरतो. १९९८ मध्येच ‘गोटू’ या यंत्राने वरच्या जागांचा उघड लिलाव आरंभिला होता. जाहिरातींवर पोसलेले शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकेल, अशी शंका खुद्द पेज व ब्रिन यांनी त्याच वर्षीच्या आपल्या निबंधात व्यक्त केली होती. पुढे २००० साली त्यांच्या कंपनीनेही जाहिरातींचाच मार्ग पत्करला.

प्रतिस्पर्धी नव्हते असे नाही. रशियातील ‘यांडेक्स’ने १९९७ पासून रशियन शब्दांची विभक्तिरूपे ओळखण्यावर भर दिला. ‘घर’, ‘घरात’, ‘घराला’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत, हे यंत्राला उमगणे किती अगत्याचे, हे मराठी माणसाला सांगावयास नको. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘डकडकगो’ने पुढे शोधणाऱ्याचा माग न ठेवण्याचे वचन दिले; २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे ‘बिंग’ आले. तथापि निवड गुणांपेक्षा सवयीने अधिक होते. जे यंत्र उपकरणात आधीच बसविलेले असते, तेच बहुतेक जण वापरतात. २०२१ या एका वर्षात गूगलने अशा जागेसाठी इतर कंपन्यांना २,६०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दिली.

भारताच्या स्पर्धा आयोगाने २०१८ साली शोधातील पक्षपातासाठी गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने या कंपनीने आपली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकविल्याचा निर्णय दिला. तथापि न्यायालये करारांना आवर घालू शकतात. सवय मोडणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते. औषध, कर्ज वा मतदान यांविषयीचा महत्त्वाचा प्रश्न दोन निरनिराळ्या यंत्रांना विचारावा, जाहिरातीची खूण पाहावी आणि पहिल्या उत्तरापाशीच न थांबता पुढची चार वाचावी, एवढे तरी सामान्य माणसाच्या हाती आहे. ग्रंथपालाने पुस्तक काढून दिले, तरी ते चाळून पाहण्याचे काम पूर्वीही वाचकाचेच होते.