मैदानी खेळांचे बालानुकूलन
लंगडी, लगोरी, विष-अमृत, खो-खो अशा खेळांची जागा, साहित्य, गडी किंवा नियम बदलून मुलांची धावणे, उडी मारणे, फेकणे, झेलणे, तोल सावरणे ही कौशल्ये घडवण्याची पद्धत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये खो-खोचे नियम ठरवले. स्पर्धेत नियम काटेकोर हवेत. लहान मुलांसाठी मात्र ते कुवतीनुसार सैल करावेत.

यात लंगडीचे मोल मोठे. साधारण चौथ्या वर्षी मूल एका पायावर थोड्या उड्या मारू लागते. त्याला सुरुवातीला पाय बदलण्याची मुभा द्यावी, रिंगणही लहान आखावे. पुढे रिंगण वाढवावे आणि एक डाव मुद्दाम नावडत्या पायावर खेळवावा, नाहीतर तो पाय कच्चाच राहतो. लगोरीत सातऐवजी तीन ठिकऱ्या व कापडी चेंडू पुरतो.

मुंबईत मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत इमारती खेटून उभ्या आहेत. तिथल्या अरुंद जागेत खो-खोसाठी चार-पाच जणांची आखूड ओळ बसवता येते. काँक्रीटवर उडी चवड्यावर, गुडघा किंचित वाकवून घ्यायला शिकवावे.

बाद गड्याला बाहेर बसवणे ही या खेळांतली सर्वांत मोठी उणीव, कारण ज्याला सराव सर्वाधिक हवा तोच आधी बाद होतो. विष-अमृतात मात्र सवंगड्याच्या स्पर्शाने गडी पुन्हा खेळात येतो. हाच नियम लंगडीलाही लावता येतो.