७ जुलै १९५८ : रेकॉर्डरवादक मिकाला पेट्री यांचा जन्म

रेकॉर्डर म्हणजे शाळकरी मुलांचे प्लास्टिकचे वाद्य, ही युरोपात रुळलेली समजूत कोपनहेगनच्या मिकाला पेट्री यांच्यामुळे बरीच मागे पडली. पण त्याचे श्रेय केवळ त्यांच्या चपळ बोटांना देणे अपुरे ठरेल. वाद्याची अडचण खरी आहे. अलगुजासारखी त्याच्या मुखाशीच शीळ असते, त्यामुळे ओठांनी सूर सावरता येत नाही आणि जोराने फुंकले की सूरच चढतो. अठराव्या शतकात आडव्या बासरीपुढे ते मागे पडले, त्याचे हे एक मोठे कारण. मग त्याच्यासाठी आज कॉन्चेर्तो (वाद्यवृंदाच्या साथीने एकल वाद्याची रचना) लिहायचाच कशाला? याचे उत्तर रचनांत सापडते. डॅनिश संगीतकार व्हाउन होल्मबो यांनी १९७४च्या कॉन्चेर्तोत पितळी वाद्यांचा ताफा टाळून तंतुवाद्यांना चेलेस्टा आणि व्हायब्राफोन या मृदू नादाच्या वाद्यांची जोड दिली. म्हणजे वाद्याची मर्यादा हीच मांडणीची दिशा झाली. माल्कम आर्नल्ड यांनीही १९८८मध्ये पेट्रींसाठी कॉन्चेर्तो लिहिला. आवाज लहान पडतो तर मायक्रोफोन लावला की प्रश्न मिटला, असे कोणी म्हणेल. त्याने आवाज मोठा होईल, फुंकेतला चढउतार नाही. म्हणून जाणकार वादक जोर शोधतो तो जिभेत: ‘त’ कडक, ‘द’ मऊ, आणि द्रुत लयीत ‘तकतक’.