आपत्कालीन पीक नियोजन

पाऊस उशिरा आला, मध्येच दडी मारून बसला किंवा लवकर परतला, तर कोणते पीक घ्यावे, कोणते टाळावे आणि उभे पीक कसे तगवावे, याचे आधीच ठरवून ठेवलेले वेळापत्रक. ही संज्ञा मुख्यतः कोरडवाहू शेतीसाठी वापरली जाते. ‘आपत्कालीन’ हे विशेषण मात्र आता जरा जुने झाले आहे. मराठवाड्यात किंवा सोलापूर भागात ही आपत्ती इतकी वरचेवर येते की तिला हंगामाचाच एक भाग मानावे.

या नियोजनामागचे संशोधन हवामानबदल हा शब्द रूढ होण्यापूर्वीचे आहे. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे कोरडवाहू शेतीवर काम सुरू झाले आणि १९३३ मध्ये सोलापूरला संशोधन केंद्र निघाले. २०११ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने हवामानबदलाशी जुळवून घेणाऱ्या शेतीचा ‘निक्रा’ हा राष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला. हैदराबादच्या ‘क्रीडा’ या संस्थेने कृषी विद्यापीठांच्या मदतीने देशातील ६००हून अधिक जिल्ह्यांचे आराखडे तयार केले.

पहिला नियम पेरणीचा : ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय आणि वापसा आल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये. पुढचे सारे तारखांवर चालते. विद्यापीठे पंधरवडे मोजतात, शेतकरी नक्षत्रे. पण रेघा जवळपास त्याच जागी पडतात. मराठवाड्यातील तक्त्याचा सांगाडा साधारण असा : मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर नको, कारण उशिराच्या पेरणीत उत्पादन घटते आणि भुरी येते. कापूस, सोयाबीन आणि खरीप ज्वारी १५ जुलैपर्यंत, म्हणजे पुनर्वसूचा ‘तरणा’ पाऊस संपायच्या आत. पुष्याच्या ‘म्हाताऱ्या’ पावसावर पेरायची वेळ आली तर बाजरी, सूर्यफूल, तूर, तीळ, एरंडी. सोयाबीनचे झाड दिवसाच्या लांबीवर चालते. उशिरा पेरले की पुरते वाढायच्या आतच फुलावर येते. उशिराच्या कापसाची बोंडे भरायच्या वेळी जमिनीतली ओल संपलेली असते. तुरीचे सोटमूळ खोल जाते, म्हणून ती तग धरते. बदनापूरच्या संशोधन केंद्राने दिलेला पांढऱ्या दाण्याचा बीडीएन ७११ हा लवकर येणारा वाण तर ओल संपायच्या आतच पदरात पडतो. खरीप पूर्ण हुकला तर जमीन रब्बीसाठी राखायची. तेथेही ज्वारीचा वाण मातीच्या खोलीवर ठरतो : उथळ जमिनीत फुले अनुराधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा परभणी मोती, भारी जमिनीत फुले वसुधा.

पेरणीनंतर खंड पडला की कोळपणी. भेगा बुजल्या की ओल टिकते आणि तणाचा वाटा वाचतो. ठरावीक ओळींनंतर मृतसरी काढणे, शेततळ्यातून एखादे संरक्षित पाणी देणे, पोटॅशियम नायट्रेटची फवारणी हे त्यापुढचे उपाय.

तक्ता चोख असतो. अडते ते बियाण्यापाशी. महाराष्ट्रात सरासरी वहितीक्षेत्र २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार सव्वा-दीड हेक्टरच्या दरम्यान आहे. एवढ्या शेताच्या मालकाने सोयाबीनचे एकरी ३० किलो बियाणे एकदा मातीत घातले आणि ते उगवलेच नाही, तर जुलैअखेर एरंडी पेरा हा सल्ला बरोबर असूनही त्याच्या कामाचा नसतो. हाती पैसा उरलेला नसतो आणि गावच्या दुकानात एरंडीचे बी असेलच असे नाही. शिवाय विमा एका पिकाचा आणि शेतात दुसरेच पीक, असे झाले तर भरपाईची पंचाईत होते. म्हणून नियोजनातला सर्वांत उपयोगी भाग मला बियाण्याचा वाटतो, जरी त्यावर सर्वांत कमी लिहिले जाते. सोयाबीन, मूग, तूर यांचे सरळ वाण घरी राखता येतात. गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ७० उगवले की ते बी पेरणीयोग्य ठरते. संकरित बीटी कापसात ही सोय नाही; ते बी दरवर्षी विकतच घ्यावे लागते.

या नियोजनाची दुसरी उणीव पावसाच्या अतिरेकात दिसते. ते रचले गेले अवर्षणासाठी. ऑगस्ट २०२३ हा देशातला १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा निदान सांगण्यासारखे उपाय तरी होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी आणि पुराने काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले; तेव्हा पीक बदलायची वेळ टळून गेली होती. रुंद वरंबा-सरीवरची पेरणी थोड्या पावसात ओल धरते आणि जास्तीचे पाणी सरीतून काढून देते. मात्र त्यासाठी उतार आणि बांधाबाहेर वाट हवी. लहान शेतात ती वाट बहुधा शेजाऱ्याच्या रानातून जाते.