गाढवाची वैरण : वाळवंटापासून वाढ्यांपर्यंत

कुणी चुकलं की आपण त्याला 'गाढव' म्हणतो. पण या जनावराच्या पाठीवर किती घरांचा संसार चालला, ते आज आठवू या.

इजिप्तमध्ये अबायडोस इथं एका राजाच्या स्मारकाजवळ १० गाढवं मानानं पुरलेली सापडली. त्याला सुमारे ५,००० वर्षं झाली. त्यांच्या हाडांवर ओझ्यानं झिजल्याच्या खुणा आहेत. गाढवाचे पूर्वज आफ्रिकेतल्या कोरड्या, खडकाळ मुलखातले. तिथं हिरवं गवत चार दिवसांचं, बाकी वर्षभर वाळक्या काड्या. म्हणून जाड्याभरड्या वैरणीतून ताकद काढायची आणि जास्तीचं चरबी करून साठवायचं, असं त्याचं शरीर घडलं.

आपल्याकडे कुंभाराची माती, परिटाचे कपडे, बेलदाराचे दगड गाढवानं वाहिले. जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो, मढीलाही यात्रेत भरतो. पूर्वी काम संपलं की गाढव गायरानात सोडत. वाळकं गवत खायचं आणि चालायचं.

पुढं १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मग ऊस गावोगाव पसरला आणि वाढे दारात आले. ट्रॅक्टर आले, गाढवाचं काम घटलं. देशात २०१२ साली सुमारे ३ लाख २० हजार गाढवं होती, २०१९ च्या पशुगणनेत सव्वा लाखाच्या आत आली.

आमच्या गटातल्या एका मावशींची गाढवीण वीटभट्टी बंद असताना दारात बांधलेली होती. मायेपोटी तिला वाढे, कोंडा, वर गूळ. मानेवर चरबीची वळी आली. एका सकाळी तिला पाऊल टाकवेना, खूर गरम लागले. घाबरून मावशींनी वैरणच तोडली. डॉक्टरांनी आधी तेच थांबवलं. लठ्ठ गाढव उपाशी राहिलं, तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि जीव जातो. खुराला सूज आली होती, ती जास्त साखरेमुळं. त्या हंगामाची कमाई बुडाली, पण गाढवीण वाचली.

तेव्हापासून आम्ही असं करतो. गव्हाचं काड आणि बी धरून वाळलेलं जून गवत हा मुख्य चारा. कोवळ्या गवतात साखर जास्त, म्हणून ते टाळतो. वाढे, मळी, गूळ बंद. गवत गोडसर वाटलं तर अर्धा-एक तास पाण्यात बुडवतो, पाणी ओतून देतो आणि ते गवत त्याच दिवशी संपवतो. बुरशीचा वास आला तर ती पेंढी बाहेर. १०० किलो वजनाला दिवसाला साधारण दीड किलो कोरडी वैरण. कामाच्या, गाभण किंवा दुभत्या जनावराला डॉक्टरांना विचारून जास्त. म्हाताऱ्या, दात पडलेल्या गाढवाला काड चावत नाही, त्याला मऊ चारा. बदल हळूहळू, पाणी भरपूर.

बायांनो, वैरण आपल्याच हातात असते. पेंढी सोडताना एवढं आठवा : याचं पोट वाळवंटानं घडवलंय.