मुदतीआधी

मी मराठी माध्यमातला बी.ए. शेअरबाजाराशी माझा संबंध शून्य. पण नात वित्तगणित शिकते. तिने सांगितलेली ही गोष्ट.

१९७३ साली ब्लॅक आणि शोल्स यांनी ऑप्शनच्या किमतीचं सूत्र मांडलं. ते युरोपियन ऑप्शनचं, म्हणजे हक्क फक्त शेवटच्या दिवशी बजावायचा. अमेरिकन ऑप्शनचा हक्क मुदतीआधी कधीही बजावता येतो. (आपल्या एनएसईवर २००१ साली शेअर्सचे ऑप्शन आले ते अमेरिकन, २०११ पासून युरोपियन.) इथे रोज प्रश्न असतो, थांबायचं की आजच मोकळं व्हायचं?

१९७७ मध्ये ब्रेनन आणि श्वार्ट्झ यांनी काळ आणि भाव यांची जाळी आखून आकडे काढले. १९७९ मध्ये कॉक्स, रॉस, रुबिनस्टाइन यांनी फांद्यांचं झाड मांडलं. दोन्हींत हिशेब शेवटाकडून मागे येतो. समजा शेअर १०० रुपयांचा, तो १०० ला विकण्याचा हक्क दोन वर्षांचा, भाव दरवर्षी २० टक्के वर किंवा खाली, व्याज ५ टक्के. वर्षाने भाव ८० झाला तर थांबण्याची किंमत १५.२४ आणि लगेच विकलं तर २० मिळतात. म्हणून अमेरिकन हक्क ७.९९ चा, युरोपियन ६.२९ चा.

पण एका ऑप्शनमागे अनेक शेअर असले की फांद्या आवरत नाहीत. मग २००१ मध्ये लाँगस्टाफ आणि त्याच श्वार्ट्झ यांनी संगणकावर हजारो काल्पनिक वाटा काढल्या. प्रत्येक वाटेचा शेवट समोर दिसतो, पण तो बघून निर्णय घेणं ही लबाडी! म्हणून सगळ्या वाटांवरून सरासरी अंदाज बांधायचा आणि त्या दिवशीचा भाव पाहून ठरवायचं.

इथे मी थबकलो. हिच्या आजारपणात स्वेच्छानिवृत्ती घ्यावी असं मनात होतं. डॉक्टर म्हणाले, काळजी नको. मी थांबलो. माझ्या निवृत्तीच्या चार महिने आधी ही गेली. तेव्हापासून मी स्वतःला त्या एकाच वाटेच्या शेवटावरून मार्क देतो आहे.

नातीला हे बोललो नाही. "आजोबा, कळलं ना?" तिने विचारलं. म्हटलं, "हो, थोडं उशिरा."

असो.